इथून इथं: व्हिएन्ना आणि सीमेवरची बारा पावलं

लेकीच्या बाळंतपणाला जाणं याला कुणी प्रवास म्हणत नाही. पण आमच्या लेकीनं बाळंतपण मांडलं ते थेट व्हिएन्नात, त्यामुळे माझी परदेशवारी तिच्या कृपेनं झाली. स्नेहल आमची एकुलती एक. फोनवर तिनं एकच अट घातली होती, "आई, मला आत नेतील तेव्हा तू जवळ पाहिजेस. बाकी काही करू नकोस." मी शब्द दिला. शब्द पाळायचा कसा हे मी शाळेत पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते, तेव्हा मला त्यात अवघड काही वाटलं नाही.

व्हिसासाठी मुंबईला दोन खेपा झाल्या. आमचं घर बऱ्हाणपूरच्या लालबागला, तिथलं रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर, म्हणून तेवढा प्रवास सुखाचा. दुसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट पुढे सरकवले आणि काहीतरी समजावून सांगायला लागल्या. परतीच्या गाडीला दीड तास उरला होता, रिक्षा मिळत नव्हत्या. मी "हो हो, हो हो" म्हणत पासपोर्ट पर्समध्ये टाकले. आमचे हे बाहेर सामानापाशी उभे होते.

ह्यांची थोडी ओळख करून द्यायला हवी. आमचे हे तुकईथडचे, केळीवाले. तुकईथड मध्य प्रदेशाच्या अगदी कडेला, पलीकडे महाराष्ट्र. ह्यांच्या घरी चहा मध्य प्रदेशात उकळतो आणि साखर संपली तर महाराष्ट्रातून येते. सीमा म्हणजे मोबाइलवर येणारा रोमिंगचा मेसेज, एवढीच ह्यांची समज. कुठल्याही अंतराला ह्यांच्याकडे एकच माप आहे: इथून इथं. खंडवा इथून इथं, नागपूर इथून इथं. विमानात बसल्यावर मी विचारलं, आता किती वेळ? तर हे म्हणाले, "अवं, इथून इथं तर आहे."

व्हिएन्नाला उतरलो तेव्हा बॅगेत दोन किलो डिंकाचे लाडू, मेथ्या, खारीक आणि बऱ्हाणपूरची खास मिठाई, दराबा, होता. विमानतळावरच्या माणसानं दराब्याचा डबा उघडून वास घेतला आणि मुकाट्यानं परत दिला. त्यालाही कळलं असावं की या रवाळ तुपट प्रकाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रसूतीला पंधरा दिवस होते. मी दर तासाला "दुखतंय का गं?" विचारायचे, म्हणून स्नेहल आम्हाला रोज सकाळी घराबाहेर काढायची. जाणाऱ्यांसाठी सांगते: आठवड्याचा पास काढा. ट्राम, बस, भुयारी रेल्वे, सगळीकडे चालतो. पण पहिल्यांदा तो पिवळ्या-निळ्या यंत्रात घालून छापून घ्यावा लागतो, नाहीतर पास असून तुम्ही फुकटे ठरता. कॉफी महाग आहे. मात्र एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही, सोबत पाण्याचा ग्लासही आणून देतात. आणि त्या पाण्यावरच आमचे हे फिदा झाले. जावई नितीनराव म्हणाले, "बाबा, हे डायरेक्ट पहाडातून येतं. पंपच नाही, पूर्ण उतारानं." हे ग्लास हातात घेऊन उभेच राहिले. "म्हणजे आपल्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यासारखं! तेबी जमिनीखालून उतारानंच येतं." त्या दिवसापासून व्हिएन्ना ह्यांना परकं राहिलं नाही.

मला मात्र ते शहर जरा धाक घालणारं वाटलं. एवढे राजवाडे, एवढे पुतळे, आणि सगळे वरून आपल्याकडे बघणारे. मोठ्या चर्चच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मी गुडघ्यांची समजूत काढत चढले. तळघरात राजघराण्यातल्या लोकांच्या शवपेट्या आहेत. तिथल्या पाटीवरून कळलं की काहींचं शरीर एका चर्चमध्ये ठेवलंय आणि हृदय दुसऱ्यात. हे हळूच म्हणाले, "आपल्या बऱ्हाणपूरच्या आहुखान्यात पुरलेली ती मोगल राणीबी पहिले तिथं होती, मग आग्र्याला नेली. राजेलोकांना मेल्यावरबी चैन नाही." बाजारात ह्यांनी केळी हातात घेऊन पाहिली. सगळी एका मापाची, प्रत्येकावर चिकटपट्टी. "याला वासच नाही," असं म्हणून अशा चेहऱ्यानं खाली ठेवली की विक्रेत्याला बहुतेक मराठी समजलं.

आता मुख्य हकीकत. आमच्या घरात ती "बाबांची ब्रातिस्लाव्हा" या नावानं प्रसिद्ध आहे आणि पाहुण्यांना हमखास ऐकवली जाते. मी पहिल्यांदाच पूर्ण सांगते आहे.

आमच्या मुक्कामाचा तो अकरावा दिवस. स्नेहलला सकाळी जरा जड वाटत होतं, पण ती म्हणाली, "काही नाही गं, अजून चार दिवस आहेत. तुम्ही बाग बघून या, दोनपर्यंत या." घराजवळच एक राजवाडा आहे, त्याची बाग फुकट बघता येते. तासाभरात ती बघून झाली. बागेच्या वरच्या दारातून बाहेर पडलं की समोर मोठं रेल्वे स्टेशन. हे स्टेशन दिसलं की आत जाणारच. फलकावर लिहिलं होतं ब्रातिस्लाव्हा, तासाभराचा रस्ता.

"दुसऱ्या देशाची राजधानी," हे म्हणाले. "एका तासात! चाल, पाय लावून येऊ."

खरं सांगायचं तर त्यांनी आग्रह केलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमची स्टाफरूम आली. मी दोन देश पाहून आले, असं म्हणता येणार होतं. पेपरात तर छापून आलं होतं की स्लोव्हाकिया आता युरोपीय संघात आलाय, सगळं एकच झालंय. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "दोनपर्यंत परत यायचं हं."

गाडी सूर्यफुलांच्या शेतांमधून गेली. ह्यांनी खिडकीतून माती पाहिली, नांगर पाहिले, पाणी कुठून देत असतील याचा अंदाज बांधला. सीमेवरच्या स्टेशनात सगळ्यांना उतरवलं. एक लांबट खोली होती. अलीकडे ऑस्ट्रियाचं टेबल, पलीकडे स्लोव्हाकियाचं. पहिल्या टेबलावरच्या चष्मेवाल्यानं माझा पासपोर्ट उलटवला आणि काहीतरी विचारलं. मागे रांग होती. मी म्हटलं, "येस, येस." त्यानं खांदे उडवले आणि दोन्ही पासपोर्टांवर ठप्पा मारला. ठप्प्यात छोटा बाण होता, बाहेर जाणारा.

पलीकडच्या टेबलावरची बाई तरुण होती, नम्र होती. तिनं पानं चाळली, पुन्हा चाळली. "व्हिसा?"

मी ऑस्ट्रियाच्या व्हिसाकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली. स्लोव्हाकियाचा वेगळा लागतो. परत जा.

परत फिरलो. चष्मेवाल्यानं हात आडवा केला. त्यानं माझ्याच पासपोर्टवरचं व्हिसाचं पान उघडलं आणि एका आकड्यावर पेनानं टकटक केलं. 01. "वन एंट्री," तो म्हणाला. "यू वेंट आउट. फिनिश."

आणि तेव्हा मला मुंबईची खिडकी आठवली. त्या बाई अगदी हेच सांगत होत्या. एकदाच आत जाता येईल, मॅडम, मध्ये कुठे बाहेर पडू नका. शब्दन् शब्द आठवला. मी ऐकलं होतं, फक्त लक्ष दिलं नव्हतं. याच गोष्टीसाठी मी वर्गात पोरांना बाकावर उभं करत आले होते.

"आता काय?" हे म्हणाले.

आम्ही कुठल्याच देशात नव्हतो. दोन टेबलांच्या मधल्या फरशीवर होतो. ह्यांनी ती जागा चालून पाहिली, बारा पावलं भरली. कुणी उद्धट बोललं नाही, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मोठे साहेब आल्याशिवाय ठप्पा रद्द होणार नव्हता आणि साहेब कधी येतील हे कुणाला माहीत नव्हतं. एक वाजला. दोन वाजले. स्नेहलनं दिलेल्या मोबाइलवर नेटवर्कच नव्हतं, ते कार्ड तिथं चालत नव्हतं. मी त्या तरुण बाईसमोर पोटावर हात फिरवून, बाळ झुलवून, मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझी मुलगी गरोदर आहे. तिनं टेबलावरचा फोन माझ्याकडे वळवला.

नितीनरावांनी एका रिंगमध्ये उचलला. "आई! कुठे आहात तुम्ही? किती वेळ फोन लावतोय. पाणी गेलंय, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. ती सारखी तुम्हालाच विचारतेय."

सांगायला हवं होतं, त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिसीव्हर काढून घेतला.

"नितीनराव, माझी गलती झाली. मीच घेऊन आलो हिला. बॉर्डरवर अटकलो आम्ही. तिला म्हणा, आई येऊन राहिली."

मग तीन वाजले. साडेतीन. मी त्या खुर्चीत बसून देवाला जेवढ्या भाषा येत असतील तेवढ्या भाषांत विनवत होते. एकदा उठून सरळ चष्मेवाल्याच्या टेबलाकडे निघाले, तर ह्यांनी हात धरून बसवलं. "अहो, बारा पावलं आहेत फक्त," मी म्हटलं आणि रडायला लागले. ह्यांच्या तोंडून त्या दिवशी एकदाही "इथून इथं" निघालं नाही.

साडेचारला साहेब आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, फोनवर कुणाशी तरी बोलले, आणि त्या बाणावर पेनानं दोन रेघा मारून सही केली. झालं. एवढंच होतं ते.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. मुलगी झाली होती, चारच्या सुमारास. गुलाबी दुपट्यात, मुठी आवळून झोपलेली. स्नेहल माझ्या गळ्यात पडून रडली. ह्यांनी बाळाच्या कपाळाला बोट लावायला हात पुढे केला तेव्हा तिनं मान वळवली.

"बाबा, एक दिवस तुम्हाला बसवलं नाही घरी? मी एकटी होते आत."

"चुकलंच माझं, बेटा," हे म्हणाले.

मी दुपट्याची टोकं सारखी करत राहिले. आधी वाटलं, आता ओली बाळंतीण आहे, उद्या सांगू. उद्या वाटलं, परवा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं न्हाणं यात सहा आठवडे गेले आणि आम्ही बऱ्हाणपूरला परतलो. त्यानंतर फोनवर स्नेहल माझ्याशी अर्धा तास बोलायची. शेवटी विचारायची, "बाबा ठीक ना?" मी म्हणायचे, ठीक. फोन बंद. हे सुपारी कातरत ऐकायचे. मी पाहुण्यांना ती गोष्ट हसत हसत सांगायचे, ह्यांची नक्कल करून. त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या रविवारी फोन आला. आता तिथली सीमा उघडली आहे. स्नेहल, नितीनराव आणि छोटी ब्रातिस्लाव्हाला जाऊन आले. "आई, गाडी थांबलीसुद्धा नाही! कुणी पासपोर्ट मागितला नाही. ती खोली रिकामी पडलीय. बाबांना सांग, तुमचं ऑफिस बंद झालं."

हे बाजूलाच होते, ऐकून हसले. माझ्याच्यानं हसवलं नाही. मी म्हटलं, "स्नेहल, थांब. बाबांची चूक नव्हती. मला मुंबईला खिडकीवरच सांगितलं होतं की बाहेर पडू नका. मी लक्ष दिलं नाही. गाडीत बसायची हौसही मलाच होती."



मग ती म्हणाली, "बाबांना दे."

ह्यांनी हात पुसून फोन घेतला आणि ओसरीत जाऊन उभे राहिले. मी दाराआडून ऐकत होते, लपवत नाही.

"हव बेटा... हव... नाही गं, मला माहीत होतं. त्या टेबलापाशी तुझ्या आईचं तोंड पाहिलं तेव्हाच समजलं."

स्नेहल काहीतरी विचारत होती, बहुधा रडत होती. हे खांबाला टेकले.

"कायले सांगू? तुला त्या वेळी आई पाहिजे होती. बाप काय, नंतरबी चालला असता."