चौदाचं ॲव्हरेज

ड्रायव्हर डिझेल कसं चोरतात हे मला कोणी शिकवलं नाही. अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर हमाली करत होतो, तेव्हा रोज डोळ्यांसमोर दिसायचं. टाकीत नळी घालून काढतात, पंपावाल्याशी साटंलोटं करून कमी भरतात, मीटरची तार सोडून परभाऱ्या फेऱ्या मारतात. पुढे स्वतःची पहिली पिकअप घेतली, मग दुसरी आणि तिसरी. माझ्या गाड्यांत डिझेल मी स्वतः उभा राहून भरून घ्यायचो. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी दोन्ही बाजूंनी हलवून फेस खाली बसवायचा, पुन्हा भरायची. भिवंडीला माल टाकून गाडी परत आली की त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा गळ्यापर्यंत. किती किलोमीटर, किती लिटर. माझ्या हिशेबातून थेंब सुटायचा नाही, असं मी लोकांना छातीवर हात मारून सांगायचो.

माझा स्वभाव तापट आहे. घासाघीस केल्याशिवाय मी साधी कोथिंबिरीची जुडी घेत नाही, आणि समोरचा लगेच कबूल झाला तर आणखी चिडतो, कारण मग मी आधीच जास्त बोललो असं वाटतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यात याचा संबंध आहे.

चारेक वर्षांपूर्वी डिझेल भडकलं होतं आणि मोबाईलवर सारखे एकाच प्रकारचे व्हिडिओ येत होते. पाण्यातून वीज सोडायची, हायड्रोजनचा गॅस तयार होतो, तो इंजिनात सोडायचा आणि गाडीचं ॲव्हरेज वाढतं. मी शाळा नववीत सोडलेली, पण हाताने काम करून बघितल्याशिवाय कशाला खोटं म्हणत नाही. आरओ फिल्टरचं प्लास्टिकचं भांडं आणलं. एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलच्या उरलेल्या पट्ट्या कापून घेतल्या, मध्ये रबराच्या चकत्या घालून त्या एकमेकींना न टेकता बसवल्या. पाण्यात कॉस्टिक सोडा टाकला आणि बॅटरीची तार जोडली. पट्ट्यांवर बारीक बुडबुडे धरले, मग पाणी दुधासारखं पांढरं झालं. नळी साबणाच्या पाण्यात धरली आणि फेसाला काडी लावली. असा फटाका वाजला की शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा पहिली गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. गाडी पैशाने घेतली होती. हा डबा मी केला होता.

लिंक रोडवर एका रेडिएटरवाल्या मिस्त्रीचं दुकान आहे. सगळे त्याला चाचा म्हणतात. माझ्या गाड्यांची कामं वीस वर्षं त्याच्याकडेच. डबा बसवायला त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने चष्मा वर केला, डबा हलवून बघितला.

"शेठ, ये बिजली कुठून येणार?"

"बॅटरीतून."

"और बॅटरी में?"

"डायनामोतून. तो तसाही फिरतोच आहे ना फुकट?"

"फुकट काय फिरत नाय शेठ. जितनी बिजली खेचशील, तितका तो जड फिरणार. डिझेल तोच खाणार." त्याने डबा बाकावर ठेवला. "या खिशातला त्या खिशात टाकतोस. बीच में थोडा गिरता है, इतनाच."

दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली. ती हसली म्हणूनच मी तो डबा बसवला, हे आज मान्य करतो. चाचाने तोंड वाकडं करून काम केलं, पण नीट केलं. चावी फिरवली की डबा चालू, चावी बंद की डबा बंद, अशी तार त्यानेच काढून दिली. "उभ्या गाडीत गॅस जमा नको व्हायला," म्हणाला.

डबा ज्या गाडीला बसवला तिच्यावर घोटीकडच्या एका खेड्यातला ड्रायव्हर होता. पस्तिशीचा, कमी बोलणारा. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा पाडला नव्हता. गावात त्याला मान होता तो त्याच गोष्टीचा. त्याचा धाकटा भाऊही त्याच्याच हाताखाली गाडी शिकलेला. माझ्याकडे माणसं टिकत नाहीत, पण हा सहा वर्षं टिकला होता.

पहिल्या खेपेला ॲव्हरेज आलं साडेअकरा. डबा नव्हता तेव्हाही साडेअकराच होतं. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी पंपावर सगळ्यांदेखत मी त्याच्यावर तुटून पडलो.

"मशीन बरोबर आहे. तुझा पाय जड आहे. ॲक्सिलेटर म्हणजे काय मसाला कुटायचा खलबत्ता आहे का?"

"शेठ, लोड व्हता..."

"लोड सगळ्यांना असतो. मला तेरा पाहिजे."

"बारा व्हईल, शेठ."

"बाजार भरलाय का इथे? तेरा. नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो."

पुढच्या खेपेला बारा आले. नंतर साडेबारा. पंधरा दिवसांत तेरा. मी डबा उघडून पट्ट्या पुसल्या, सोड्याचं प्रमाण बदललं, नळी आखूड केली, आणि दर बदलानंतर आकडा वर जात होता. मी वहीत लिहीत होतो: नळी आखूड केली, बारा. पट्टी वाढवली, साडेबारा. मला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडत होतं. तेरा आल्यावर माझ्यातला व्यापारी गप्प बसेना. म्हटलं, चौदा काढ. त्याने नुसती मान हलवली. तो लगेच कबूल झाला तरी मी त्या दिवशी चिडलो नाही. एरवी चिडलो असतो.

एका दुपारी मी कारखान्याच्या गेटवर उभा असताना गाडी आत आली. त्याने काचेआडून आधी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, मग एका हाताची चार. डिझेल भरून मी पंपावरून पुढे आलो होतो, हिशेब त्याने येता येता केला होता. तो हसत होता. माझ्यासमोर तो हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. आजही कधी डोळे मिटले की ती दहा बोटं आणि ती चार बोटं काचेआडून समोर येतात. बाकी चेहरा नीट दिसत नाही.

त्यानंतर मी गावभर फिरलो. चाचाच्या दुकानात जाऊन वही आपटली. "वाच," म्हटलं. त्याने वाचली आणि म्हणाला, "आकडा सही है शेठ. वजह दुसरी असेल." मी म्हटलं, तुला जळतं. सातपूरच्या, अंबडच्या सात गाडीवाल्यांनी डबे सांगून ठेवले होते. सातांच्या पट्ट्या मी एकदम कापून आणल्या.

मग एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला फोन आला. कसारा घाट उतरताना, खालच्या वळणावर गाडी कठड्याला धडकून आडवी झाली होती. ड्रायव्हर जिवंत होता. प्लास्टिकच्या बादल्यांचे खोके रस्त्याभर पसरले होते. मी पोचायच्या आत त्याला दवाखान्यात नेलं होतं, आणि उजवा पाय गुडघ्याखाली ठेवता येणार नाही, असं डॉक्टरने संध्याकाळपर्यंत सांगितलं. ज्या पायाला मी जड म्हटलं होतं, तोच. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मला तेवढंच आठवत होतं आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

त्याच दिवशी कोणीतरी काढलेला व्हिडिओ फिरायला लागला. बोनेट उघडं, तारा लोंबतायत, नळ्या दिसतायत, आणि वरून आवाज: पाण्यावर चालणारी गाडी घाटात फुटली. दोन दिवसांत सगळ्या गाडीवाल्यांना ते पाठ झालं. साती जणांनी डबे नको म्हणून कळवलं. चाचा दुकानात बसून सांगत होता, "मैं तो पैले दिन से बोलतो. बम घेऊन फिरत होता."

मला दुःख होतं, नाही असं नाही. पण दुःखापेक्षा राग मोठा होता. डबा फुटला हे कोणी पाहिलं? कोणीच नाही. पोलीस चौकीच्या आवारात गाडी उभी करून ठेवली होती, तिथे दोन महिने खेपा घातल्या, विनवण्या केल्या आणि बोनेटखाली हात घातला. डबा अख्खा होता. प्लास्टिकवर तडासुद्धा नव्हता. आत निम्मं पाणी तसंच होतं. तो मी गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवला. चाचाच्या बाकावर नेऊन आपटायचा आणि सगळ्यांसमोर त्याला माफी मागायला लावायचं, असं ठरवलं. पण कच्चा सौदा मी कधी करत नाही. डबा आहे, आता साक्षीदार पाहिजे. म्हणून आधी घोटीकडे वळलो.

ड्रायव्हर घरी येऊन महिना झाला होता. ओट्यावर खाटेवर बसलेला होता, पायावर चादर. बायकोने पाणी दिलं आणि आत गेली. मी गोणपाट सोडलं.

"हे बघ. अख्खा आहे. सगळे म्हणतात डबा फुटला. तू सांग, फुटला का?"

त्याने डब्याकडे पाहिलं. "नाय शेठ. फुटंल कसा? बंदच व्हता."

"बंद?"

"चावी बंद म्हटल्यावर डबा बी बंद."

मला आधी कळलंच नाही. मग कळायला लागलं, आणि मी विचारू नये असं वाटत असताना विचारलं, "घाटात चावी बंद का केलीस?"

तो चादरीची कड चाचपत राहिला. "आधी पाय हलका केला. बारा आलं. मंग उतारावं गिअर काढून न्यूट्रल मारायचो. तेरा आलं. चौदा काय व्हईना. मंग चावीच बंद करायला लागलो, वरच्या वळणापासून खालपर्यंत. लय दिवस काय झालं नाय. त्या दिवशी पुढं ट्रक थांबला. ब्रेक दाबला, दोनदा लागला, तिसऱ्यांदा दगडावाणी घट्ट. इंजिन बंद असलं का ब्रेकला जोर राहत नाय. ठावं व्हतं मला."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुमी वहीत लिवत व्हता ना, शेठ. खूश व्हता."

डिझेल चोरणारा माणूस मी शंभर पावलांवरून ओळखला असता. डिझेल वाचवून माझ्या डब्याच्या नावावर टाकणारा माणूस माझ्यासमोर रोज उभा होता आणि त्याच्यावर मी संशय घेतला नाही, कारण आकडा माझ्या बाजूने होता.

उठलो तेव्हा त्याने माझा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"कुणाला सांगू नका. मशीन फुटलं म्हणत्यात तर म्हणू द्या. न्यूट्रल मारून गाडी पाडली, असं गावाला कळलं तर काय राहिलं माझं? भाऊ बी गाडीवरच हाय. कोण ठेवंल त्याला?"

मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. घासाघीस करायला काही उरलंच नव्हतं.

परतताना चाचाच्या दुकानासमोर गाडी थांबवली. डबा सीटखाली गोणपाटात होता. आत तीन-चार जण चहा पीत होते.

"क्या शेठ? चौकीत गेला होतास म्हणे. मिला डबा?"

"फुटला," मी म्हणालो. "फेकून दिला."

चाचा माझ्याकडे बघत राहिला. "मैंने गाडी देखी है," तो हळूच म्हणाला. "बोनेट के अंदर कुठं काळं नव्हतं."

"सांगितलं ना, फुटला!" मी इतक्या जोरात ओरडलो की एकाच्या कपातला चहा सांडला.

चाचाने चष्मा खाली घेतला, कापडाने पुसला आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "फुटला. मैं बोला था ना."

त्याच्या दुकानात मी त्यानंतर गेलेलो नाही. डबा फुटला नव्हता हे त्याला कळलंय, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलंय. माझा राग त्याच्यावरच का आहे, हे मला नीट सांगता येत नाही. लोकांसमोर माझं नाव खराब झालं ते झालंच, आणि ते मीच स्वतःच्या तोंडाने केलं. यात कोणी माझं मोठेपण शोधू नये. खरं सांगितलं असतं तर चौदा मागणारा कोण, हेही सांगावं लागलं असतं. आता इतक्या वर्षांनी लिहितोय ते माणसांची नावं आणि ड्रायव्हरचं गाव गाळून.

ड्रायव्हरच्या धाकट्या भावाला मी माझ्या गाडीवर ठेवला. डिझेल तोच भरतो, मी पंपावर जात नाही. मागच्या महिन्यात एका सकाळी माल भरून निघताना तो खिडकीतून म्हणाला, "शेठ, तुमी ॲव्हरेज विचारतच नाय. साडेअकरा पडतंय. चालंल ना?"

मला काय झालं कोण जाणे. असा ओरडलो की हमाल वळून बघायला लागले. काय ओरडलो ते आठवत नाही. पोरगं घाबरलं, म्हणालं, "बरं शेठ, बघतो वाढवून," आणि गाडी गेटबाहेर गेली.

दोन मिनिटं मी तसाच उभा होतो. मग त्याचे शब्द डोक्यात शिरले. फोन लावला, उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच घातलेला. स्वतःची गाडी काढली. विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं, टोलनाक्यावर रांग होती, तिथे एका माणसाशी भांडलो. इगतपुरीच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे त्याला गाठला आणि हॉर्न वाजवून कडेला घेतलं.

तो उतरून धावत आला. "काय झालं शेठ? काय राहिलं का?"

मी एवढंच म्हणालो, "गिअरमध्ये उतर."

"हो शेठ," तो गोंधळून म्हणाला. "दुसरं कसं उतरणार?"

"आणि ॲव्हरेज कितीही पडू दे. दहा पडलं तरी चालेल."

"बरं."

तो गाडीत बसला, चावी फिरवली. गाडी उताराला लागली. मी खिडकीची काच खाली करून ऐकत बसलो. इंजिनचा आवाज खालून येत होता, मग मागून आलेल्या ट्रकांच्या आवाजात तो वेगळा काढता येईना.