अ‍ॅक्टर म्हणायचं नाही

आमच्या भावोजींइतका सरळ माणूस उभ्या बंगळुरात शोधून सापडायचा नाही, आणि हे मी दर रविवारी दुसराच कुणीतरी होऊन बसणाऱ्या माणसाबद्दल सांगते आहे. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, बँकेतून निवृत्त झाले, आमच्याकडेच असतात. सर्जापूर रोडवरच्या कंप्युटरवाल्या पोरांचं एक मंडळ आहे, त्यांच्यात जाऊन हे लार्प नावाचा खेळ खेळतात. म्हणजे काय, तर प्रत्येकाला एक पात्र वाटून देतात, कुणी राजा, कुणी चोर, आणि दिवसभर त्या पात्रासारखं वागायचं, बोलायचं. लिहिलेले संवाद नाहीत की बघायला प्रेक्षक नाहीत. बरं, खेळ संपला म्हणून ह्यांचं पात्र लगेच उतरतं असंही नाही. एकदा राजाचं अन्न आधी चाखून बघणारा नोकर झाले होते. घरी येऊन माझी आमटी एक चमचा चाखली आणि डोळे मिटून बसले. "महाराजांना स्वल्प थांबायला सांगा, वहिनी." आमचे महाराज, म्हणजे ह्यांचे थोरले बंधू, भरल्या ताटावर ताटकळले! एकदा मौनी साधू झाले, तर परतताना रिक्षावाल्याला पत्ता हातवाऱ्यांनीच सांगितला. त्यानं "सरी सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत घराऐवजी के. आर. पुरमच्या स्टेशनावर नेऊन सोडलं.

त्यांच्यापुढे नाटक हा शब्द मात्र काढायची सोय नाही. "नाटक दुसऱ्याला दाखवायला करतात, वहिनी. हा आट आहे, आट." कानडीत खेळाला आट म्हणतात, ह्यांना तो शब्द फार आवडतो.

तर यंदा मंडळानं बक्षिसं द्यायचं ठरवलं आणि पहिलंच बक्षीस काढलं ‘बेस्ट अ‍ॅक्टर’. झालं! भावोजींनी फोनवरच्या ग्रुपात लिहिलं, बघणारं कुणी नाही, मग अ‍ॅक्टर कसला? मंडळ चालवते ती पुण्याची मुलगी म्हणाली, "काका, शब्दच आहे ना, एवढं काय मनावर घेताय?" हे म्हणाले, "शब्दच आहे म्हणून तर!" कुणी ‘विजेता’ म्हणा म्हणालं, तर ह्यांचं, "मग हरलं कोण?" कुणी म्हणे, बक्षीसच नको. मला सगळं ठाऊक, कारण मी भाजी निवडत असताना हे एकेक निरोप मोठ्यानं वाचायचे. शेवटी एकानं लिहिलं, "नाटक म्हटलं की काका चिडतात, आणि स्वतः केवढी नाटकं करतात!" ते काही त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. मीच मागाहून पाहिलं.

पुढचे रविवार ते बाल्कनीत पेपर घेऊन बसले. पान काही उलटत नव्हतं. मला धास्तीच पडली. हा माणूस तिकडे गेला नाही, तर जाणार कुठे?

मग एका संध्याकाळी ती पुण्याची मुलगीच घरी आली. "काका, सगळ्यांनी बक्षिसाला तुमचंच नाव दिलंय. या ना रविवारी."

"कशाबद्दल?"

"त्या खेळाबद्दल हो. तुम्ही बाप होतात, मी मुलगी. माझं लग्न करून मला नदीपलीकडे धाडायचं होतं, कायमचं. काय रडलात काका! कसली अ‍ॅक्टिंग!"

भावोजींनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मी अ‍ॅक्टिंग नव्हती केली गं."

"मग काय केलंत?"

"तुला सासरी धाडलं."

तिचा चहा तसाच निवला. निघताना दारात थांबून हळूच म्हणाली, "काका, बक्षिसाच्या कपावर तो शब्द कोरून झालाय हो."

"असू दे," भावोजी म्हणाले. "येतो मी."

गेले, आणि कप घेऊन आले. तो आता दिवाणखान्यातल्या कपाटावर आहे, कोरलेली अक्षरं भिंतीकडे करून. सुरुवातीला धूळ पुसताना मी तो सरळ करायची. दुसऱ्या दिवशी पाहावं तर अक्षरं परत भिंतीकडे. हल्ली मी तो न फिरवता, आहे तसाच पुसते.