कात्रीचे तीन सेकंद

विजयश्रीच्या दिवसात फुकट गेलेलं मिनिट शोधूनही सापडलं नसतं. भोसरीच्या भाड्याच्या खोलीत ती साडेचारला उठायची. चहा उकळेपर्यंत कणीक मळून व्हायची, नळाला पाणी असेपर्यंत पिंप भरून व्हायचं, आणि सहा दहाला कंपनीची बस नाक्यावर यायच्या आत चौघांचे डबे बांधून तयार असायचे. वेणी ती बसमध्ये घालायची. शेजारणी विचारायच्या, "तुला कसं गं जमतं एवढं?" ती म्हणायची, "जमवावं लागतं." असं म्हणताना तिला मनातून फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या आत बसणारे वायरींचे जुडगे बांधायचं काम होतं. फळीवर वायरी लावायच्या, त्यांवर काळी टेप गुंडाळायची, टेपचं टोक कात्रीनं कापायचं आणि आपल्या नंबरचं स्टिकर लावून जुडगा हुकाला अडकवायचा. एका शिफ्टमध्ये दोनशेवीस. सहा वर्षांपूर्वी बीडकडून आलेल्या विजयश्रीला हे काम शेजारच्या टेबलावरच्या इंदुताईंनी शिकवलं. इंदुताई इथल्याच, खेड तालुक्यातल्या, पन्नाशी उलटलेल्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. कात्री नाडीनं एप्रनला बांधलेली, म्हणजे शोधण्यात वेळ जायला नको.

कामाबरोबर इंदुताईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती, जी कंपनीच्या कुठल्याच पाटीवर लिहिलेली नव्हती. वर्षातून एकदा ऑफिसातला माणूस मोबाइलवर घड्याळ लावून मागं उभा राहतो. एका जुडग्याला किती वेळ लागतो ते मोजतो आणि त्यावरून सगळ्या लाइनचं टार्गेट ठरतं. "घड्याळ आलं का हात जड करायचे," इंदुताई म्हणाल्या होत्या. "वायर दोनदा बघायची, टेप दोनदा दाबायची. आपल्या एकटीचं न्हाई, समद्यांचं हाय त्ये." लाइनवरच्या बावीस बायका हे पाळत होत्या. विजयश्रीही पाच वर्षं पाळत होती.

सहाव्या वर्षी सुजित नावाचा नवा इंजिनियर आला. तो सगळी लाइन सोडून नेमका तिच्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, सगळ्यात फास्ट तुम्हीच, असं ऐकलंय."

झालं. एवढ्याशा कौतुकानं बाई विरघळली. हात जड करायचे हे तिला पक्कं आठवत होतं, पण तिच्या हातांना वेळ वाया घालवायची सवयच नव्हती. दोन मिनिटांचा जुडगा तिनं अठ्ठ्याण्णव सेकंदांत हुकाला अडकवला. मागं वळून पाहिलं तेव्हा सुजित हसत होता आणि इंदुताई मान खाली घालून टेप गुंडाळत होत्या.

सोमवारी बोर्डावर नवा आकडा आला, दोनशेसाठ. बायकांनी पाणी प्यायचं कमी केलं, म्हणजे उठावं लागत नाही. विजयश्रीशी बसमध्ये कुणी बोलेनासं झालं. इंदुताईंचे जुडगे दोनशेचाळीसच्या वर जाईनात. बायका सगळ्याच ठेकेदाराकडच्या होत्या. सलग पंधरा दिवस कमी भरले की घरी, आणि माल परत आला तर त्याच दिवशी घरी, असा ठेकेदाराचा निरोप आला.

विजयश्रीला घास गोड लागेना. मग तिनं आपल्या पद्धतीनं तोड काढली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, ती सात मिनिटांत डबा संपवून टेबलावर परत येऊ लागली. त्या वेळात आणि शिफ्टमधून चोरलेल्या मिनिटांत वीस जुडगे जास्तीचे बांधायचे, त्यांवर इंदुताईंच्या नंबरचं स्टिकर लावायचं आणि त्यांच्या हुकाला अडकवायचे. इंदुताईंनी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी स्टिकरची पट्टी मुकाट्यानं तिच्या टेबलावर सरकवली.

वीस जुडग्यांना वेळ पुरेना, तेव्हा तिनं कात्री सोडली. कात्री उचला, कापा, ठेवा, यात तीन सेकंद जातात. टेप ताणून नखानं तोडली की काम एका झटक्यात. इंदुताईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, ताणून तोडलेली टेप आठवड्यानं मागं फिरते आणि सुटते. विजयश्री हे विसरली नव्हती. म्हणूनच स्वतःच्या नंबरचे जुडगे ती कात्रीनंच कापायची. नखानं तोडायची ते फक्त इंदुताईंचे. हा विचार तिनं असा सरळ कधी मनात येऊ दिला नाही, पण हात मात्र रोज तसेच चालत होते.

नव्या टार्गेटच्या पाचव्या आठवड्यात गाड्यांच्या कारखान्यातून तीन जुडगे परत आले. टेप उलगडून वायर उघडी पडली होती. तिन्हींवर एकच नंबर.

सुजितनं ते इंदुताईंच्या टेबलावर ठेवले. "मावशी, नंबर तुमचाच ना?"

इंदुताईंनी टेपच्या टोकावरून अंगठा फिरवला. ताणलेल्या टेपचं टोक पांढुरकं पडतं. एप्रनला कात्री बांधून हिंडणाऱ्या बाईचं ते काम नव्हतं, हे लाइनवरच्या कुठल्याही बाईनं ओळखलं असतं. त्यांनी एकदाच विजयश्रीकडे पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "नंबर माझाच हाय."

बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. हातातला जुडगा झाला की बोलू, असं विजयश्रीनं ठरवलं. तो झाला. तिनं दुसरा घेतला. तिला भीती वाटत होती, स्वतःची शरमही वाटत होती, आणि दोन्हींपेक्षा तिचे हात जोरात चालत होते. चौथा जुडगा हुकाला लागला तेव्हा इंदुताईंनी एप्रन सोडला होता. कात्रीची नाडी सोडवून त्यांनी ती विजयश्रीच्या टेबलावर ठेवली.

"हिनं कापत जा," म्हणाल्या, आणि डब्याची पिशवी उचलून गेटकडे चालू लागल्या.

त्या दिवशी मान वर न करता विजयश्रीनं दोनशेत्र्याऐंशी भरले, सगळे स्वतःच्या नंबरचे. तो आकडा बघून दुसऱ्या दिवशी सकाळीच सुजित पुन्हा मोबाइल काढून तिच्यामागे उभा राहिला.

तिनं वायर लावली आणि दोनदा बघितली. टेप गुंडाळली, दोनदा दाबली. इंदुताईंची कात्री उचलली, टोक कापलं, कात्री जागेवर ठेवली. घड्याळात दोन मिनिटं अकरा सेकंद झाले.

"तब्येत बरी नाही का, ताई?" त्यानं विचारलं.

"बरी आहे, सर. या कामाला एवढाच वेळ लागतो."

सहा आठवड्यांपूर्वी तिनं एवढंच करायला हवं होतं.