बावीस हँड

अकोटच्या जिनिंगमध्ये माझी माय रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस लोटायची. सकाळी फाटकाशी बायका रांगेत उभ्या राहायच्या. मुकादम मोजून आत सोडायचा आणि कागदावर लिहायचा: हँड, बावीस. नाव एकीचंही नाही.

हँड म्हणजे हात, एवढंच मला शाळेत शिकवलं होतं. कॉलेजात शब्दकोश उघडला तर घड्याळाचा काटा निघाला, पत्त्यांचा डाव निघाला, मदत, अक्षर आणि पार खाली मजूर. मी पेटले. त्याच रात्री पत्रक लिहिलं आणि मोठ्या अक्षरांत मथळा दिला: 'बावीस हँड आता गप्प बसणार नाहीत'. अकोटच्या स्टँडवर ते स्वतः वाटलं. मायसोबत काम करणाऱ्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, तर त्या हसल्या.

"बावीस बायाईचे चव्वेचाळीस हात होतेत वं. अर्धे कुठी गेले?"

मला राग आला. यांना कळत नाही, असं वाटलं.

दिवाळीनंतर मायचा उजवा हात रेच्यात गेला. तीन बोटं राहिली नाहीत. जिनिंगवाले म्हणाले, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच, सरकी घ्यायला आली होती. मुकादमानं बाकीच्यांना काय सांगितलं माहीत नाही, काकूंनीही मान खाली घातली. मायच्या जागी दुसरी उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर पुन्हा बावीसच होते.

माय तिथं कामाला होती, एवढंच सिद्ध करायचं होतं. आम्ही अकोल्याच्या कामगार कार्यालयात गेलो. साहेबांनी लेखी काही आहे का, असं विचारलं. मी पत्रक पुढे केलं. अपघाताच्या आधी छापलेलं, खाली तारीख असलेलं. त्यांनी दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. माणूस वाईट नव्हता.

"यात तुमच्या आईचं नाव कुठे आहे?"

शोषण होतं, इतिहास होता, बावीस हँड सात वेळा होते. नाव नव्हतं.

परतीच्या एसटीत माय खिडकीशी बसली, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. वाटेतलं दहीहांडा गाव मागे पडलं. मग बाहेर पाहतच म्हणाली,

"त्या मुकादमाले नोयतं मालूम. तुले तं माह्यं नाव मालूम होतं."