एकवीस नंबरचे न मोजलेले प्रवासी

बसथांब्यासमोरच्या शिंप्याकडे गिऱ्हाइकं कमी आणि अर्ज जास्त, असं शेजारचे दुकानदार म्हणतात. तोंडावर त्यांना सगळे मास्तर म्हणतात, पाठीमागे टेपमास्तर. कारण त्यांच्या गळ्यातला टेप कपड्यांपेक्षा फुटपाथावर जास्त फिरतो. फुटपाथ किती इंच रुंद, कड किती उंच, विजेच्या खांबाशेजारून चालायला किती जागा उरते, हे सगळं मापाच्या वहीत शर्ट-पँटच्या मापांमध्येच लिहिलेलं असतं. त्या गोंधळात एकदा बँकेच्या मॅनेजरच्या पँटची कंबर फुटपाथाच्या रुंदीएवढी शिवली गेली, असं चहावाला सांगतो. पँट बरोबर बसली, हेही सांगतो.

हा नाद मास्तरांना हौसेने लागलेला नाही. त्यांची एकुलती एक लेक जन्मापासून आंधळी आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात दोघंच. लेक आता चौतीस वर्षांची, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. बारा वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती फुटपाथावरच्या उघड्या खड्ड्यात पडली, मनगट मोडलं. मास्तरांनी खड्डा मोजला, पत्र लिहिलं, आणि मग लिहीतच राहिले. बारा वर्षांत पदरात पडलं ते एवढं: खड्ड्यावर झाकण, थांब्यापाशी एक उतार, आणि वस्तीतल्या त्रेसष्ट जणांचे बसचे पास. पासांचे फॉर्म मास्तरांनी शिलाई मशीनवर कागद ठेवून स्वतः भरले. दुचाक्या घरी ठेवा, बस भरलेली दिसली तरच बस राहील, हे ते प्रत्येकाला मापं घेता घेता सुनावायचे. अंगाला टेप लागलेला असल्यामुळे माणूस पळूनही जाऊ शकत नसे.

लेकीचं सगळं एकवीस नंबरवर होतं. ही बस गोल फिरते. घरासमोर चढायचं, इस्पितळाच्या दारात उतरायचं, संध्याकाळी तिथेच चढून उरलेला फेरा पुरा करून घरासमोर उतरायचं. कुठेही रस्ता ओलांडायचा नाही. ती एकटी जायची, एकटी यायची. सोडायला येऊ का, असं मास्तरांनी विचारलं की म्हणायची, ‘‘तुम्ही काजं करा.’’

एका सकाळी थांब्याच्या खांबावर कागद दिसला. प्रतिसाद कमी असल्याने मार्ग क्रमांक एकवीस महिनाअखेरीस बंद. हरकती पंधरा दिवसांत. मास्तर आधी हसले. रोज उभं राहायला जागा नसते, कसला कमी प्रतिसाद? ते वही घेऊन बस कार्यालयात गेले.

तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. एका फेरीला सरासरी चार प्रवासी.

‘‘काका, मशीनमध्ये नोंद होते तेवढीच माणसं मला दिसतात. पासवाला चढला की कंडक्टरने त्याचा नंबर मशीनमध्ये टाकायचा असतो. तुमच्या मार्गावर सहा वर्षांत एकही पास टाकलेला नाही.’’

मास्तरांच्या लक्षात आलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच एकवीसच्या एकमेव कंडक्टरला म्हटलं होतं, पोरीला पर्समध्ये चाचपायला लावू नका, तुम्ही तर ओळखताच तिला. कंडक्टर भला माणूस. त्याने तिला विचारणं सोडलं. मग एकीला सोडून बाकीच्यांना विचारणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना सोडलं. ‘बसा, बसा’ म्हणत तो पुढे सरकायचा. या सौजन्याबद्दल मास्तरांनी वरिष्ठांना कौतुकाचं पत्रसुद्धा पाठवलं होतं.

बाईंनी सुचवलं, कंडक्टर नोंद करत नाही अशी लेखी तक्रार द्या, मी चौकशी लावते, तोवर मार्ग बंद होणार नाही. कंडक्टरचं काय होईल, असं मास्तरांनी विचारलं. आधी निलंबन, मग बघू, असं उत्तर आलं.

ही गोष्ट कंडक्टरच्या कानावर गेली. तो दुकानात आला, दोऱ्याच्या रिळांकडे बघत उभा राहिला. निवृत्तीला त्याची दोन वर्षं उरली होती.

‘‘लिहा मास्तर,’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्या पोरीचा प्रश्न आहे.’’

लेक दुकानामागच्या घरात भाजी निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, ‘‘सांगितलं तुम्ही, ऐकलं त्यांनी. आता नाव त्यांचं देणार का, बाबा?’’

मास्तरांनी नाव दिलं नाही. चूक माझी, मीच सांगितलं होतं, असं पत्र त्यांनी दिलं. प्रवाशाच्या सांगण्याला नियमात जागा नाही, असं बाईंनी समजावलं. त्यांचा आवाज चढला नाही, आणि म्हणून भांडायलाही काही सापडलं नाही. मग त्रेसष्ट सह्या झाल्या. मग शेवटचा आठवडाभर पासवाल्यांनी पास खिशात ठेवून तिकिटं काढली. पण हिशेबात धरायची मुदत आधीच्या महिन्यात संपली होती. महिनाअखेरीस बस बंद झाली.

आता इस्पितळात जायला दोन बस लागतात. पहिली घराजवळून सुटते आणि हमरस्त्यावर उतरवते. दुसरी रस्त्याच्या पलीकडे मिळते. सहा पदरी रस्ता, सिग्नल नाही. लेक म्हणाली, एकदा दाखवा, मग मी बघते. सोमवारी दोघं निघाले. उतरल्यावर तिने त्यांचा दंड धरला. मास्तरांनी दुसरा हात वर केला. गाड्या हात पाहत होत्या आणि जात होत्या. दोनदा ते चार पावलं पुढे गेले, दोनदा मागे आले. पाऊण तास झाला. पलीकडून त्यांची बस आली, थांबली, गेली. तिच्यामागची दुसरीही गेली.

‘‘हात खाली घ्या,’’ लेक म्हणाली. ‘‘कोणी थांबत नाहीये.’’

तिने इस्पितळात फोन लावला. तिनेच शिकवून तयार केलेल्या मुलीने उचलला. आज येत नाही, असं तिने सांगितलं. उद्या येणार का, असं मुलीने विचारलं. विचारून सांगते, असं लेक म्हणाली, आणि कोणाला विचारणार हे न सांगता फोन ठेवला.

‘‘चला घरी,’’ ती म्हणाली.

मास्तर जागचे हलले नाहीत. घरी नेणारी बसही पलीकडूनच सुटत होती.

‘‘काय झालं?’’

त्यांनी सांगितलं. तिने फोन पर्समध्ये टाकला. मग काठी उघडली आणि भिंतीच्या कडेकडेने, आल्या दिशेने चालू लागली. घर साडेचार किलोमीटर होतं, आणि फुटपाथ पहिल्या वळणापर्यंतच होता.