शवासनात झोपलेली पडवी
मेणाच्या रंगीत खडूंचा वास आला की मला एटापल्लीकडची एक कौलारू शाळा आठवते. कॉलेजच्या शिबिरात मी तिथल्या मुलांना शाळेच्या पडवीत योगासनं शिकवत होतो. आसनांनी मुलांची कल्पनाशक्ती खुलते असं आमचे सर म्हणायचे, आणि शेवटच्या दिवशी मुलांची चित्रं पाहायला ते स्वतः येणार होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सरांपुढं काही चांगलं दिसावं याचं मला फार दडपण होतं. पण दिवस रात्री मोहाची फुलं पडण्याचे होते. मुलं अंधारातच उठून रानात ती वेचायची आणि मग शाळेत यायची. त्या शेवटच्या दिवशी शवासनाला डोळे मिटायला सांगितलं आणि अख्खी पडवी झोपली. श्रमदानानं माझंही अंग मोडून आलं होतं, कोणाला उठवावंसं वाटेना. तेवढ्यात सर आले. "हे योग करून राह्यले का झोपा काढून राह्यले?" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कागद, मेणाचे खडू वाटले. बहुतेकांनी झेंडा काढला. एका मुलीनं मोहाचं झाड काढलं, फुलांनी गच्च, पण खालची जमीन अगदी कोरी. "बेटा, फुलं तं खाली पडते न? काऊन नाई काढली?" सरांनी विचारलं. ती जांभई देत म्हणाली, "पडली का मले उठा लागते, सर." सर मला हळूच म्हणाले, "अजून थोडं शवासन घे." मुलं लगेच आडवी झाली. ते चित्र तिला योगानं सुचलं की थकव्यानं, हे मला अजूनही सांगता येत नाही.