धुण्याच्या दगडावरचं नाव

पुण्याच्या पेठांमधल्या जितक्या मोऱ्या माझ्या चुलतसासऱ्यांनी पाहिल्या, तितक्या एखाद्या प्लंबरनेही पाहिल्या नसतील. त्यांतल्या निम्म्याअधिक मीही पाहिल्या, कारण परक्या घराची कडी वाजवून "तुमची मोरी जरा बघू का?" असं विचारणाऱ्या एकट्या पुरुषाला सदाशिव पेठेत काय ऐकून घ्यावं लागतं, हे काकांना तरुणपणीच कळलं होतं. मी लग्न होऊन आले आणि त्यांची सोय झाली. "ही आमची सूनबाई, कॉलेजच्या ग्रंथालयात असते," असं ते दारातच सांगत. ग्रंथालय म्हटलं की दार चार बोटं जास्त उघडायचं. तेवढ्या फटीतून काका आत शिरत आणि त्यांच्या मागून, मान खाली घालून, मी. आम्ही घरी परतलो की माझे यजमान वर्तमानपत्राआडून विचारत, "आज कुणाची मोरी?" काका गंभीरपणे पत्ता सांगत.

काका जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला मी तेव्हापासून बसते आहे. रोज चार ओळी होतात आणि त्यांतल्या दोन मी खोडते. थकल्यासारखं होतं, दुसरं काही नाही.

जुन्या घरांतून देवादिकांची जी मोठी रंगीत चित्रं काचेच्या चौकटीत टांगलेली असत, ती छापणाऱ्या आणि खपवणाऱ्या प्रकाशकांचा इतिहास काका लिहीत होते. चित्रकारांविषयी त्यांना आदर होता, पण कुतूहल नव्हतं. "चित्रकारावर लिहायला पुष्कळ लोक आहेत. ज्याने कागद आणला, शाई आणली आणि ही लक्ष्मी खपेल की नाही या काळजीने ज्याचे केस गळले, त्याच्यावर कोण लिहिणार?" असं ते म्हणत. स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणत, म्हणून ऐकणाऱ्याला हसू यायचं. पण काका विनोद करत नसत. विनोद त्यांच्या आसपास आपोआप घडत.

या प्रकाशकांची नावं चित्राच्या तळाशी एका बारीक पट्टीत छापलेली असत, आणि चौकट करणारे कारागीर काच बसवताना नेमकी तीच पट्टी कापून टाकत. काकांनी आयुष्यात मनापासून द्वेष केला तो फक्त चौकटवाल्यांचा. कुठल्याही घरी गेले की यजमानांना नमस्कार करायच्या आधी ते भिंतीकडे जात, गुडघे वाकवत आणि चित्राच्या तळाशी डोळे लावत. मला पाहायला माझ्या माहेरी आले तेव्हाही तेच. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तर मंडळींमधले एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून आमच्या दत्ताच्या तसबिरीत नाक खुपसून होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. खाली उतरले, हात झटकले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "वाईट वाटतं हो. इतकं चांगलं घर, पण कापलेलं." वडिलांना त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या घराण्याचं नेमकं काय कापलेलं आहे, याचा ते विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी होकार आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचून घेतला.

पट्ट्या मिळेनात तेव्हा काका दगडांकडे वळले. ही चित्रं दगडावरून छापली जात. जर्मनीहून आलेले पिवळट, लोण्यासारखे गुळगुळीत दगड असत. त्यांवर चित्र आणि अक्षरं उलटी काढायची, म्हणजे कागदावर सुलटी उमटत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि प्रकाशकाचं नाव फक्त काळ्या रेघांच्या दगडावर. छापखाने बंद पडले तेव्हा यंत्रं भंगारात गेली, पण दगड लोकांनी घरी नेले, कारण चांगला दगड वाया जाऊ देणं पुणेकराला जमत नाही. कुणी पायरी केली, कुणी ओटा केला, बहुतेकांनी मोरीत धुण्यासाठी बसवला. गुळगुळीत बाजू खाली, खडबडीत वर. असा दगड उलटा करून ओला केला की झोपेतून उठल्यासारखं जुनं चित्र पुसट वर येतं.

पेठांमधल्या सगळ्या फरशीवाल्यांकडे काकांचा नंबर होता. कुठे मोरी उकरायची निघाली की त्यांचा फोन येई, "आजोबा, पिवळा दगड निघालाय." मग आम्ही रिक्षाने धावत जायचो आणि काका सोड्याच्या जुन्या बाटलीतून दगडावर पाणी शिंपडायचे. दहांतले आठ दगड कोरे निघत. राहिलेल्या दोहोंत बहुधा रंगाचा दगड असे. त्यावर ना चेहरा, ना हात, नुसते इकडे तिकडे डाग. काका उकिडवे बसून सांगत, "हा कमळाचा गुलाबी." किंवा, "हे फक्त हत्तीचे कान." घरातली माणसं त्या डागांकडे पाहत, मग काकांकडे आणि शेवटी सहानुभूतीने माझ्याकडे.

उलटी अक्षरं ते सुलट्यापेक्षा सहज वाचत. केशकर्तनालयात पाठीमागचं कॅलेंडर आरशात वाचून ते न्हाव्याला संकष्टी कधी आहे ते सांगत. एकदा अँब्युलन्स पाहून म्हणाले, "नाव बरोबर लिहिणारं एवढंच एक वाहन."

या सगळ्या इतिहासात त्यांचा जीव अडकला होता तो एका बाईत. नारायण पेठेत एक लहान चित्रप्रकाशन होतं. मालक ऐन तिशीत वारले, पण चित्रं येत राहिली. ती कोण काढून घेत होतं, याची कुठे नोंद नाही. काकांचं म्हणणं, मालकांची विधवा. त्यासाठी त्यांच्याकडे एकच कारण होतं. "मालक होते तोवरच्या लक्ष्म्यांना पदर कुठून येतो तेच कळत नाही. खांद्यावर नुसता ठेवलाय, वाऱ्याने जाईल असा. ते गेल्यानंतरच्या प्रत्येक लक्ष्मीचा पदर जिथून यायला हवा तिथूनच येतो. चित्रकार तोच आहे. त्याला सांगणारं माणूस बदललंय." हे त्यांनी एका संशोधन-त्रैमासिकाला लिहून पाठवलं. संपादकांचं कार्ड आलं, 'पदरावरून इतिहास लिहिता येत नाही. आधार द्यावा.'

तो आधार एका मंगळवारी सदाशिव पेठेत एका मोरीत सापडला. फरशीवाल्याने दगड उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता. काकांनी पाणी शिंपडलं आणि पूर्ण लक्ष्मी वर आली, कमळ, हत्ती, पदर, सगळ्यांसकट. तळाच्या पट्टीत अक्षरं होती. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बोट न लावता उजवीकडून डावीकडे ती वाचली. "द्वारकाबाई," ते म्हणाले. "प्रकाशिका. सूनबाई, प्रकाशिका लिहिलंय." त्यांचे डोळे भरून आले होते. मी वाकून पाहिलं. मला ओल्या दगडावर वेलबुट्टीसारखं काहीतरी दिसलं.

तोवर घरच्या वहिनी पदराला हात पुसत आल्या होत्या. "काय आहे हो त्यावर?"

"लक्ष्मी!" काका ओरडले. "अहो, साक्षात लक्ष्मी आहे तुमच्या मोरीत!"

वहिनींचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! आणि तीस वर्षं मी तिच्या पाठीवर ह्यांची बनियनं आपटत्येय!"

दगड जड होता आणि काकांच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं. ट्रेसिंगचा कागद आणि कॅमेरा घेऊन उद्या सकाळी येतो, दगडाला कुणी हात लावू नका, असं बजावून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी पोचलो तर वहिनी प्रसन्न चेहऱ्याने दारात उभ्या. हातात प्रसादाचा शिरा. रात्रभर त्यांना झोप आली नव्हती. पहाटे त्यांनी दगडाला तेल लावून न्हाऊ घातलं, हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली, क्षमा मागितली आणि दोन हमाल लावून पुलावरून मुठा नदीत विसर्जन केलं. "अगदी विधिवत," त्या म्हणाल्या. "अहो, कळल्यावर घरात तरी कशी ठेवणार? आणि देवघरात मावली नसती."

काकांनी शिरा घेतला. खाल्लाही. "छान झालाय," म्हणाले.

त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ते रोज नदीच्या पात्रात जाऊन उभे राहत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काठी, त्या काळ्या पाण्यात ते दगड चाचपत. एका हवालदाराने काठावरून विचारलं, "आजोबा, काय हरवलंय?"

"बाई," काका म्हणाले.

"बाई?"

"नारायण पेठेतली."

हवालदार भला माणूस होता. त्याने त्यांना स्वतःच्या मोटरसायकलवर आमच्या घरी आणून सोडलं आणि माझ्या यजमानांना बाजूला घेऊन डॉक्टरांचं नाव सुचवलं.

तेव्हापासून काका खोटं बोलायला लागले. आयुष्यात कधी न बोललेला माणूस. कुठल्याही दगडावर काहीही उमटलं तरी घरच्यांना सांगत, "साबणाची जाहिरात आहे." एकदा दशभुजा दुर्गेलाही त्यांनी साबणाच्या जाहिरातीत काढलं. असे अकरा दगड त्यांनी मागून आणले आणि ते एकटे राहत त्या खोलीत जागा नाही म्हणून आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत ठेवले. सोसायटीने फलक लावला, 'गॅलरीत शिळा ठेवू नयेत. इमारत आपलीच आहे.' पण त्या अकरांत द्वारकाबाई नव्हत्या.

काकांनी लेख पुन्हा पाठवला. दगड पाहिला, नाव वाचलं, सोबत साक्षीदार होता, असं लिहिलं. साक्षीदार म्हणजे मी. आठवड्याने संपादकांचा मला फोन आला. काका समोरच बसले होते, चहात बिस्किट बुडवत.

"बाई, आपण स्वतः ते नाव वाचलंत का?"

मी काकांकडे पाहिलं. ते बिस्किटाकडे पाहत होते.

"अक्षरं होती," मी म्हणाले. "उलटी होती. मला वाचता आली नाहीत."

लेख छापला गेला नाही. त्या दिवशी मी फोन ठेवला तेव्हा काका म्हणाले, "बरोबर सांगितलंस," आणि चहा अर्धा टाकून उठले. महिनाभर आले नाहीत. आले ते पाटी-पेन्सिल घेऊन. उलटं वाचायला शिकवायला. मी आरसा आणायला उठले तर म्हणाले, "बस. आरसा ही लबाडी." पन्नाशीला आलेली मी अ-आ-इ-ई नव्याने गिरवत बसले. वर्षभरात मला वाचता येऊ लागलं. मग आम्ही पुष्कळ मोऱ्या पाहिल्या. पण तोवर जुन्या इमारती भराभर पाडल्या जात होत्या. जेसीबी दगड उलटा करून पाहत नाही, आणि फरशीवाल्यांचे फोनही हळूहळू थांबले.

शेवटचे चार महिने काका आमच्याकडेच होते. लग्न केलेलं नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं. दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसून इतिहासाची स्वच्छ प्रत करत असे. ते डोळे मिटून सांगत, मी लिहून घेई. मुंबई झाली, लोणावळ्याच्या वाटेवरचा छापखाना झाला, पुण्याचे मोठे छापखाने झाले. नारायण पेठ आली तेव्हा ते थांबले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

मी म्हणाले, "काका, लिहू या. मी वाचलं होतं तेव्हा. मी तशी सही देते."

त्यांनी डोळे उघडले. "काय वाचलं होतंस?"

"द्वारकाबाई. प्रकाशिका."

"ते मी तुला सांगितलं."

"कुणाला कळणार आहे? संपादकही आता राहिले नाहीत. काका, माझ्या एका वाक्याने ती बाई गेली. दुसऱ्या वाक्याने येऊ दे की परत."

ते माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले, की मला तसबिरीच्या तळाशी लावलेले त्यांचे डोळे आठवले. मी या घरात आल्यापासून त्यांनी मला असं प्रथमच पाहिलं असेल. मग हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

"एकुलता एक साक्षीदार आहे माझा," ते म्हणाले. "तोही खोटा करतेस?"

मी रडले. स्कूटर सुरू होऊन निघून गेली. थोड्या वेळाने काका म्हणाले, "घे लिहून," आणि तेवढंच सांगितलं, 'या चित्रांच्या प्रकाशिका द्वारकाबाई. हे नाव मी दगडावर एकदा वाचले. दगड आता नाही.' त्यानंतर आम्ही पुढचा छापखाना घेतला.

ते पंधरा दिवसांनी गेले. झोपेतच.

प्रत करायचं काम मी अजून करते आहे. हाताला कंप आहे, दिवसाला दोन पानं होतात. गेल्या आठवड्यात नारायण पेठेचं पान पुन्हा लिहायला आलं. त्या तीन वाक्यांखाली बरीच जागा रिकामी होती. मी दोन दिवस नुसती बसून राहिले. मग एक आकडा टाकला आणि तळटीप लिहिली, 'त्या दिवशी मी तेथे होते. दगडावर अक्षरे होती.' त्याखाली सही केली.

यजमानांनी चष्मा लावून वाचलं. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

त्यांनी कागद सरळ केला, माझ्यापुढे ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.